बिनमिठाची पंगत

नानांच्या घरात टोमॅटोला बंदी होती. का म्हणून विचारलं की ते म्हणायचे, "नथ्थूने टोमॅटो पाहिला नव्हता." ऐकणाऱ्याला वाटायचं, नथ्थू म्हणजे घरातला एखादा लाडावलेला नातू असावा. प्रत्यक्षात नथ्थू आचारी मरून दीडशेच्या वर वर्षं होऊन गेली होती आणि तो नानांचा कुणी लागतही नव्हता. नाना त्याच्यावर ऐतिहासिक कादंबरी लिहीत होते, एवढंच. पण त्या एवढ्याशा कारणापायी बटाटा, कोबी, फ्लॉवर या सगळ्यांची त्या घरातून हकालपट्टी झाली होती.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, पदराखाली पिशवी घेऊन जिना चढून आल्या. आत पावशेर टोमॅटो होते. "तुन्हा फ्रिजमा ठेव व माय," त्या हळूच म्हणाल्या. "त्यास्ले सांगू नको." तेव्हापासून माझ्या फ्रिजचा खालचा कप्पा अक्कांचा झाला. दुपारी नानांचा डोळा लागला की त्या वर यायच्या, एक टोमॅटो चिरायच्या, त्यावर सढळ हाताने मीठ भुरभुरायच्या आणि खिडकीशी बसून रस्त्यावरच्या रिक्षा बघत एकेक फोड खायच्या. मीठ त्यांना जास्तच लागायचं. चोरून खाण्यातला आनंद त्यांच्या तोंडावर असा दिसायचा की मला माझ्या वर्गातल्या मुली आठवायच्या.

मी मूळची धुळ्याची. जळगावच्या एका शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली म्हणून खोली शोधत होते. नानांनी माझा विषय विचारला आणि ताबडतोब किल्ली हातात दिली. डिपॉझिट नको म्हणाले. "फक्त एक करायचं, बाई. कादंबरीचं प्रत्येक प्रकरण वाचायचं. प्रकरणात जे शिजलं असेल ते आमच्याकडे जेवायचं. आणि काय वाटलं ते सांगायचं." मला वाटलं, स्वस्तात सुटले. या तीन अटींतली शेवटची किती महाग आहे हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

नाना जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उंच, वाळके, उन्हाने कायमचे रापलेले. खिशात पेनाच्या जोडीला मोजपट्टी. बोलताना समोरच्या वस्तूची लांबी-रुंदी डोळ्यांनी घेत असायचे. गाव धरणगावकडचं, त्यामुळे अक्कांशी अहिराणी आणि माझ्याशी कचेरीतलं मराठी. नोकरीत उभा-आडवा खानदेश त्यांनी पायी मोजला होता. मोजणी संपली की दुपारी बांधावर भाकरी सोडायची आणि गावकरी गोष्टी सांगायचे. त्यांत हा नथ्थू त्यांना भेटला. एका गावात म्हणत, तो हजार माणसांच्या पंगतीचं वरण एकट्याच्या नजरेने शिजवायचा. दुसऱ्या गावात म्हणत, उकळीच्या आवाजावरून त्याला डाळ कुठल्या शिवारातली ते कळायचं. नवरदेव मिळाला नाही तर लग्न थांबायचं, तसं नथ्थू मिळाला नाही तरी थांबायचं म्हणे. निवृत्तीनंतर नाना जुनी कागदपत्रं चाळायला धुळ्याच्या फेऱ्या मारू लागले. कागदांत नथ्थूची एकच ओळ सापडली. कुणा मोठ्या घरच्या लग्नात त्याला एक शेला दिला होता, तेवढीच. नानांना तेवढी पुरली.

धुळ्याला ते माझ्या आईकडे उतरायचे. आई त्यांना वाढायची आणि ते तिला नथ्थूची गोष्ट सांगायचे. एकदा मी सुट्टीत घरी गेले तेव्हा आई म्हणाली, "माणूस सोन्यासारखा आहे गं. पण गोष्ट सांगायला लागले की मला बसल्या जागी झोप येते." मी आईवर चिडले. ती जे बोलली ते खरं होतं म्हणूनच चिडले असणार.

नानांचा नियम असा, की जो पदार्थ जुन्या रीतीने स्वतः शिजवला नाही आणि खाल्ला नाही, त्यावर एक ओळ लिहायची नाही. गच्चीवर त्यांनी चूल घातली होती. भरताचं प्रकरण आलं तेव्हा कपाशीच्या काड्यांचे भारे रिक्षातून आले, गच्चीवर वांगी भाजली गेली, लाकडाच्या बडगीत ठेचली गेली. धुराने शेजारच्या बाईंची वाळत घातलेली धुणी काळवंडली आणि त्या तक्रार घेऊन आल्या. नानांनी त्यांना ताट वाढून बसवलं. त्या जेवून गेल्या आणि पुढच्या वेळी धुणी आत घ्यायला शिकल्या. बुरहाणपूरच्या वाटेने नथ्थू पायी गेला असं लिहायचं होतं, तेव्हा नाना डोक्यावर दहा किलो पिठाचं गाठोडं घेऊन जळगावहून फैजपूरपर्यंत चालत गेले. वय तेव्हा एकोणसत्तर. केळीच्या बागांतून माणसं विचारत होती, आबा, गाडी चुकली का? परत आल्यावर चार दिवस मान वळत नव्हती, पण चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"शिजलं का?" हा त्यांचा लाडका प्रश्न. कुणी बातमी सांगितली, लग्नाचं स्थळ आणलं, माझ्या मुख्याध्यापकांनी नवं परिपत्रक काढलं, नाना शांतपणे विचारायचे, "हे नीट शिजलंय का, की वरवर उकळी आलीय?" निम्म्या वेळा ते बरोबर निघायचे.

आणि भरताचं ते प्रकरण? ते मी माझ्या खोलीत बसून वाचलं. वांगी किती, प्रत्येकाचा घेर किती बोटं, चुलीपासून पंगतीपर्यंत किती पावलं, वाऱ्याची दिशा कोणती, बडगीची खोली किती. सगळं अचूक. जमिनीचा पंचनामा असावा तसं. नथ्थू त्या पानांत कुठेतरी उभा होता, पण त्याला भूक नव्हती, राग नव्हता, बायकोसुद्धा नावापुरती. खाली भरीत इतकं सुंदर झालं होतं की मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. नानांनी हात धुता धुता विचारलं, "काय वाटलं, बाई?" अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "छान झालंय, नाना."

ते पहिलं खोटं. मग प्रत्येक प्रकरणाला तेच. वरण-बट्टीचं प्रकरण, खापरावरच्या मांड्यांचं, डुबुकवड्यांचं. एकदा सुरुवात केली की खोटं बोलायला कष्ट पडत नाहीत. मी शाळेत मुलांच्या निबंधावर लाल शाईने 'जिवंत लिहा' असं शंभरदा लिहिणारी बाई, सव्वीस प्रकरणं 'छान झालंय' म्हणत राहिले. मला वाटायचं, एवढ्या भल्या माणसाचं मन का मोडावं? आज वाटतं, त्यात भलेपणा थोडा आणि सोय जास्त होती.

सत्ताविसावं प्रकरण मात्र पुढे सरकत नव्हतं. ते नथ्थूच्या शेवटच्या पंगतीचं होतं.

गावोगाव ती गोष्ट एकाच तऱ्हेने सांगायचे. एका थोर लग्नात नथ्थू वरणात मीठ घालायला विसरला. देवाला नैवेद्य दाखवायच्या आत अन्न चाखायचं नाही, हा त्याचा जन्मभराचा नेम, त्यामुळे त्याला कळलंच नाही. पंगत बसली. सगळ्यांच्या पानात डाव्या हाताला नेहमीप्रमाणे मीठ वाढलेलं होतं. पण कुणी त्याला हात लावला नाही. सगळे अळणी वरण मुकाट्याने जेवून उठले. शेवटी पानं उचलताना नथ्थूने पाहिलं, प्रत्येक पानावर मिठाची चिमूट जशीच्या तशी. तो काय समजायचं ते समजला. त्याने झारा खाली ठेवला आणि पुन्हा कधी हातात घेतला नाही.

नाना मला नेहमी सांगायचे की पानात मीठ आधी का वाढतात. पुस्तकात हे कुठे सापडायचं नाही, त्यांचं स्वतःचं मत होतं. "आचारी चाखत नाही. म्हणजे चुकणारच कधीतरी. मग जेवणाऱ्याने कोपऱ्यातलं मीठ घ्यावं, कालवावं आणि आचाऱ्याची अब्रू राखावी. देवाच्या पानात मीठ वाढत नाहीत, बघा. देव नावं ठेवत नाही, त्याला मिठाची गरज नाही. मीठ माणसाच्या पानात." आणि मग ते आपल्या कोड्यावर यायचे. "पण बाई, मीठ हाताशी होतं. ते का घेतलं नाही कुणी? भीतीने? नथ्थूच्या नावाने? ते कळल्याशिवाय मी लिहू कसा?" या एका प्रश्नापाशी कादंबरी दोन वर्षं अडून राहिली.

पंचाहत्तरीला नानांनी जेवण ठेवलं. बोलावलं फक्त त्यांना, ज्यांनी कादंबरी वाचली होती. आम्ही अकरा जण होतो. एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांनी प्रस्तावना आधीच लिहून ठेवली होती. मागच्या गल्लीतले चाचा, जे मांडव आणि मोठी भांडी भाड्याने देत आणि ज्यांचे वाडवडील फैजपूरकडे लग्नांचे बावर्ची होते. बाकीचे नानांच्या कचेरीतले जुने सहकारी. मी. स्वयंपाक नानांनी केला, हाताशी अक्का. दुपारी गच्चीवर मांडवाखाली पत्रावळी मांडल्या. वरण, बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, वर तूप. डाव्या हाताला मीठ.

पहिला घास घेतला आणि मला कळलं. वरणात मीठ नव्हतं. भाजीत नव्हतं. बट्टीतही नव्हतं. मी मान वर केली नाही. डावीकडचं मीठ घेतलं, वरणात कालवलं. शेजारी चाचांचं बोटही मिठाकडे जाऊन आलं. मुख्याध्यापकांनी तर पहिल्याच फेरीत सगळं मीठ संपवलं. नाना हातात मिठाची वाटी घेऊन ओळीने फिरत होते. ज्याचं संपलं त्याला पुन्हा वाढत होते आणि मध्येच म्हणत होते, "सावकाश होऊ द्या. कसं झालंय?"

"फक्कड!" मुख्याध्यापक म्हणाले.

"नाना, हाताला चव आहे तुमच्या," कुणीतरी म्हणालं.

नाना माझ्यासमोर थांबले. "बाई?"

"छान झालंय, नाना," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या पानात मीठ वाढलं. मग ओळीच्या टोकाला जाऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. "मी कशातच मीठ घातलेलं नाही. तुम्हा सगळ्यांना ते कळलं. मिठाची वाटी रिकामी झाली." मग म्हणाले, "नथ्थूच्या लोकांनी मीठ घेतलं नाही. तुम्ही घेतलंत, आणि वर फक्कड म्हणालात. म्हणजे मला हवं ते उत्तर हे नव्हे. पण दुसरं एक मिळालं."

कुणी हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. जिन्यापाशी अक्का उभ्या होत्या. त्यांना आधीपासून माहीत होतं आणि सकाळपासून त्यांचं तोंड उतरलेलं होतं. "हाई पाप शे," त्या पुटपुटल्या. "पाहुनासना पानमा असं करतस का?"

दुसऱ्या दिवशी चाचा भांडी न्यायला आले तेव्हा मी खालीच होते. त्यांना राहवलं नाही. "नाना, आमच्यात लहानपणापासून शिकवतात, दुसऱ्याच्या देगीत बोट घालायचं नाही. मी मेहमान होतो. कसा बोलणार?"

"मग देगीत मीठ पडणार कसं, चाचा?" नाना म्हणाले. चाचा मोजलेली भांडी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

मग नाना माझ्याकडे वळले. "बाई, काल तुम्ही म्हणालात, छान झालंय. प्रकरणांनाही तुम्ही हेच म्हणता. हेच शब्द." त्यांच्या बोलण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते विचारत होते. मी तेव्हाही खरं सांगू शकले असते. मी म्हणाले, "मला वहीतपासणी करायचीय," आणि जिना चढले. आजवर इतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

सव्वीस प्रकरणं ट्रंकेत गेली. गच्चीवरची चूल मोडली नाही, पण पेटलीही नाही. टोमॅटोची बंदी मात्र उठली नाही, बहुतेक सवयीने. नाना मला आधीसारखेच जेवायला बोलवत, शाळेतलं विचारत. फक्त आता ते काही वाचायला देत नव्हते आणि 'शिजलं का' म्हणत नव्हते. दोन वर्षं अशी गेली. त्या घरात काहीतरी माझ्यामुळे बंद पडलंय हे मला रोज जिना चढताना जाणवायचं.

नंतर नानांच्या पायांवर सूज येऊ लागली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मूत्रपिंडं थकली आहेत म्हणाले आणि मीठ जवळजवळ बंद केलं. नानांनी ते निमूट मान्य केलं. "माझ्याच पंगतीला बसलो म्हणायचं," एवढंच एकदा म्हणाले. अक्कांना त्रास नको म्हणून मी खाली जेवायचं थांबवलं. नानांचं जेवण अक्का वेगळं काढायच्या. निदान आम्ही सगळे तसं समजत होतो.

अक्का अजूनही दुपारी वर यायच्या. मी घरी असले की बघायचे, त्या टोमॅटो चिरायच्या आणि तसाच खायच्या. मिठाचा डबा शेजारी असायचा. मी एकदा तो पुढे सरकवला तर म्हणाल्या, "नको व माय, ऱ्हाऊ दे." वयोमानाने कमी केलं असेल, असं मला वाटलं. मी त्यावर आणखी विचार केला नाही.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. रविवारची दुपार. नाना जेवून उठले होते, अक्का स्वयंपाकघरात पाटावर जेवत होत्या, मी दारात उभी राहून काहीतरी सांगत होते. नाना पाणी प्यायला आत आले. त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते वाकले आणि अक्कांच्या ताटातल्या भाजीला बोट लावून त्यांनी ते तोंडात घातलं. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी असं कधी केलं नसावं, कारण अक्का दचकल्या.

नाना सरळ झाले. "हाई भी अळणी?"

"एकच भांडं शिजाडस मी," अक्का म्हणाल्या.

"कव्हापासून?"

"तुम्हनं बंद व्हयनं, मन्हंबी बंद."

पाच महिने झाले होते. ताटात डाव्या हाताला मीठ वाढलेलं होतं, सवयीने. त्याला बोट लागलेलं नव्हतं.

"बोलनी कसाले नही?" नानांनी विचारलं.

अक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला. "त्यामा बोलानं काय शे?" म्हणाल्या आणि जेवू लागल्या.

नाना खाली, फरशीवर, त्यांच्या समोर बसले. त्या जेवेपर्यंत बसून राहिले. मी दारातून मागे फिरले, पण वर जाऊन मला काही सुचेना. पाच महिने ती बाई माझ्याच खोलीत बसून अळणी फोडी खात होती आणि मी तिला मिठाचा डबा सरकवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक उघडल्याचा आवाज आला. चार दिवसांनी नानांनी माझ्या हातात अकरा पानं ठेवली. तीन वर्षांनी प्रथमच. "सत्ताविसावं," म्हणाले. "वाचा. आणि बाई, या वेळी सांगा."

त्या पानांत एकही माप नव्हतं. नथ्थूची बायको बायकांच्या पंगतीत बसलेली होती. तिने पहिला घास घेतला आणि तिला कळलं. नवरा त्या दिवशी का विसरला, हेही तिलाच माहीत होतं. पंधरवड्यापूर्वी त्यांचं मूल गेलं होतं आणि तरी तो दुसऱ्याच्या लग्नाचं शिजवायला उभा राहिला होता. तिने मिठाला हात लावला नाही. शेजारणीचा हात मिठाकडे गेला होता, तो तिला पाहून मागे आला. मग तिच्या पलीकडचीचा. असं करत ते पंगतभर पसरलं. तोंडाने कुणी काही सांगितलं नाही. नथ्थूच्या नावाला कुणी भ्यालं नव्हतं. ज्या बाईचं मूल गेलं ती अळणी खातेय, तर आपल्या घासाला मीठ कसलं, एवढंच प्रत्येकीच्या मनात आलं आणि बायकांचं बघून पुरुषांनीही हात आवरला. उष्टी पानं उचलताना नथ्थूला कळलं की आपलं दुःख गावाने वाटून खाल्लंय. झारा त्याने लाजेने ठेवला नाही. त्याला आता रडायला वेळ हवा होता.

नाना-अक्कांना मूलबाळ नव्हतं. एक झालं होतं आणि गेलं होतं, हे मला अक्कांनी कधीतरी टोमॅटो खाता खाता सांगितलं होतं. नानांनी नऊ वर्षांत तो विषय एकदाही काढला नव्हता. मी ती पानं वाचली, रडले, तोंड धुतलं आणि खाली गेले.

अक्का सुपात डाळ निवडत होत्या. नाना खुर्चीत, पाय स्टुलावर.

"नाना, हे शिजलंय," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "आणि आधीची सव्वीस?"

अक्कांचा हात सुपात थांबला. या वेळी पळून जायचं नाही असं ठरवून आले होते. "ती अळणी आहेत, नाना. सगळी. पहिल्यापासून. त्यांत मोजमाप आहे, माणूस नाही. मला भरताच्या प्रकरणालाच कळलं होतं. मी तुम्हाला नऊ वर्षं खोटं सांगितलं."

नानांनी खिशातली मोजपट्टी काढली, ती थोडी ओढली, सोडली. मग अक्कांकडे बघून म्हणाले, "एक जन तरी बोलनी." त्यांचे डोळे भरले होते. ते आनंदाने की दुःखाने, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असावं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, आणि अक्काही जेवल्या नाहीत. मी वर खोलीत बसून होते आणि आपण या माणसाचं उरलंसुरलं बळ काढून घेतलं असं मला वाटत राहिलं.

सकाळी खाली आले तर नाना टेबलाशी. समोर कोरा कागद. "बसा, बाई," म्हणाले. "पहिलं प्रकरण नव्याने घेतोय. यात ती आधी येते, तो मागाहून." पहिली ओळ लिहून झाली होती. त्यात नथ्थूची बायको चूल फुंकत होती आणि धुराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दोन पानं झाली. तेवढीच झाली. मार्गशीर्षात, बाजारात भरताची वांगी आली होती त्या दिवसांत, नाना गेले.

गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या दिवशी नानांचा पुतण्या कार्याला बसला होता. स्वयंपाक अक्कांनी दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. भांडी चाचांनी दिली आणि ते पंगतीतही बसले. फोटोपुढे एक पान मांडलं. वरण, बट्टी, घोटलेली वांगी, तूप. आम्ही आपापल्या पानाशी बसून पहिल्या घासाची वाट बघत होतो. गुरुजी मंत्र म्हणत होते, तेवढ्यात अक्का आतून मिठाची वाटी घेऊन आल्या आणि फोटोपुढच्या पानात डाव्या हाताला त्यांनी मीठ वाढलं. चिमूटभर नाही, चांगलं सढळ हाताने.

गुरुजी थांबले. "अक्का, त्या पानात मीठ वाढत नाहीत."

"त्यास्ले लागस," अक्का म्हणाल्या.

"तसं नाही, अक्का. नैवेद्याचं पान आहे. रीत आहे ती."

अक्का सरळ उभ्या राहिल्या. वाटी हातात तशीच. "देवना पानमा नही वाढतस, माले माहीत शे. ह्या कोठे देव व्हयनात?"

गुरुजींनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्याने खाली पाहिलं. मग गुरुजींनी पुढचा मंत्र सुरू केला. अक्का ओळीने निघाल्या आणि प्रत्येकाच्या पानात मीठ वाढत माझ्यापर्यंत आल्या. शेवटी त्यांनी माझ्या शेजारी स्वतःचं पान मांडलं, त्यातही मीठ घेतलं आणि वरण-बट्टीचा पहिला घास त्या मिठाला लावून खाल्ला. सात महिन्यांनी.

मीही घास घेतला. वरणात मीठ बरोबर पडलं होतं. आसपास सगळे गप्प जेवत होते. मी ते मोठ्याने सांगितलं.